बर्लिनमध्ये ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’

मायदेश सोडून इकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींची अशी एक समजूत असते, की पाण्याची काळजी आपण मागे ठेवून आलो. नळाला चोवीस तास पाणी असते, टँकर म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगावे लागते, आणि उन्हाळ्यात भेटीला आलेले आईवडील इथली तळी, कालवे, श्प्रे आणि हाफेल या नद्या पाहून “इथं पाण्याला काय तोटा!” म्हणून मोकळे होतात. दिसायला हे खरेही आहे. परंतु बर्लिनमध्ये वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरांहूनही थोडा कमीच पाऊस पडतो. आपल्या पुण्याचा पाऊस याहून जास्त आहे. शहराला चारी बाजूंनी वेढणारे ब्रांडेनबुर्ग राज्य हे जर्मनीतल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. जुन्या काळी या मुलखाला साम्राज्याची ‘वाळूची डबी’ म्हणत. शाईने लिहिलेला कागद सुकावा म्हणून त्यावर जी बारीक वाळू भुरभुरवीत, तिची ही डबी. पाऊस बेताचा आणि जमीन रेताड, अशी ही जोडी आहे.

बदलत्या हवामानात वन्यजीव कसे वाचवायचे, हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे ध्रुवावरचे अस्वल नाहीतर ताडोबाचा वाघ उभा राहतो. बर्लिनपुरते बोलायचे तर या प्रश्नाचा बराचसा भाग एका शब्दात मावतो, आणि तो शब्द म्हणजे पाणी. इथला बेडूक असो, क्रौंच असो की ग्रुनेवाल्डमधला ओक वृक्ष, ज्याला वाचवायचे असेल त्याच्यासाठी आकाशातून पडलेले पाणी जमिनीत थांबवले पाहिजे. १९७२च्या दुष्काळानंतरच्या महाराष्ट्राला ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा तोंडपाठ आहे. तीच आज बर्लिनच्या रानांना लागू पडते. ती कशी, आणि त्यात तुमचाआमचा संबंध काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

दलदलीवरचे शहर

बर्लिनच्या चिन्हावर अस्वल असल्यामुळे शहराचे नाव अस्वलावरून पडले असे पुष्कळांना वाटते. भाषेचे अभ्यासक मात्र ते दलदल या अर्थाच्या एका जुन्या स्लाव्ह शब्दापर्यंत नेतात, आणि भूगोल त्यांच्या बाजूने आहे. शेवटच्या हिमयुगात या भागावर बर्फाचा प्रचंड थर होता. तो वितळला तेव्हा वाहत्या पाण्याने एक रुंद खोरे कोरले. शहराचा मध्यभाग त्याच खोऱ्यात वसला आहे. दोन्ही अंगांना बार्निम आणि टेल्टो ही थोडी उंच पठारे राहिली. जागोजागी मागे राहिलेले बर्फाचे मोठाले तुकडे सावकाश वितळले आणि तिथे खळगे पडले. त्यांत पाणी साचून तळी झाली, काही तळी कालांतराने भरून येऊन दलदली झाल्या.

पुढे माणसाने या पाण्याविरुद्ध मोहीमच उघडली. १७१८ साली प्रशियाचा राजा पहिला फ्रीडरिश विल्हेल्म याने बर्लिनच्या वायव्येकडची हाफेललांडची दलदल चर खणून कोरडी करायला घेतली. त्याचा मुलगा दुसरा फ्रीडरिश याने १७४७ ते १७६२ या काळात पूर्वेकडचे ओडरब्रुख हे ओडर नदीकाठचे विस्तीर्ण पाणथळ क्षेत्र लागवडीखाली आणले आणि तिथे शेतीसाठी दूरदूरच्या मुलखांतून माणसे आणून वसवली. म्हणजे आपल्यासारखेच स्थलांतरित! त्या काळाचा विचार करता यात चूक काढता येणार नाही. पोटाला अन्न हवे होते आणि दलदलीतल्या तापाने माणसे मरत होती.

प्रश्न असा आहे, की ते चर आजही आपले काम इमानेइतबारे करीत आहेत. हिवाळ्यात पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ चरांतून ओढ्यांत, ओढ्यांतून नद्यांत आणि पुढे समुद्रात जातो. पाणी जास्त होते तेव्हा ही व्यवस्था वरदान होती. आता पाणी कमी पडू लागले आहे आणि व्यवस्था तीच आहे.

ऋतूंचे बिघडलेले गणित

आपल्याकडे भूजल भरते ते पावसाळ्यात. इथे पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, पण भूजल भरते ते मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळ्यात पडलेले पाणी झाडे पिऊन टाकतात किंवा उन्हाने उडून जाते. झाडे झोपलेली असतात आणि ऊन मंद असते त्या चारपाच महिन्यांतच पाणी खोल उतरते. हवा तापू लागली तशी ही मुदत दोन्ही टोकांनी आखडली. वसंत लवकर येतो, झाडे लवकर जागी होतात आणि शरद लांबतो. पावसाचा वर्षाचा आकडा फारसा बदलला नाही तरी जमिनीच्या वाट्याला येणारे पाणी घटते, ते यामुळे.

शिवाय उन्हाळ्यातला पाऊस पडतो तो पुष्कळदा एकदम कोसळतो. २९ जून २०१७ रोजी टेगल भागात एका दिवसात दोनशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झाला. म्हणजे वर्षाच्या पावसाचा तिसरा हिस्सा! मुंबईची २६ जुलै २००५ आठवणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण इथल्या गटारांना तो पेलला नाही. असे पाणी जिरत नाही, नुसते वाहून जाते.

उलट टोकाला २०१८, २०१९ आणि २०२२ ही अवर्षणाची वर्षे. २०१८च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या नैर्ऋत्येला ट्रॉयेनब्रीत्सनजवळ सुमारे चारशे हेक्टर जंगल जळाले आणि तीन गावे रिकामी करावी लागली. २०२२च्या ऑगस्टमध्ये ग्रुनेवाल्डमधल्या पोलिसांच्या स्फोटके साठवण्याच्या जागी स्फोट होऊन आग लागली. रान इतके सुकलेले होते की ती झाडीत पसरली आणि शेजारचा महामार्ग व रेल्वे बंद ठेवावी लागली. त्याच महिन्यात पोलंडच्या सीमेवरच्या ओडर नदीत मेलेल्या माशांचा खच पडला. नदीत सोडलेले खारट सांडपाणी, आटलेला प्रवाह आणि तापलेले पाणी या तिहींनी मिळून एका विषारी शेवाळाला रान मोकळे करून दिले. यातली एकेक गोष्ट नदीने कदाचित सोसली असती, तिन्ही एकदम तिला सोसल्या नाहीत. हवामानबदल बहुधा असाच येतो. तो नवे संकट आणतोच असे नाही, जुन्या दुखण्यांना मात्र बळ देतो.

प्राण्यांच्या बाजूने पाहू. बेडूक वसंतात उथळ डबक्यात अंडी घालतो. पिलांना पाय फुटण्याआधी डबके आटले की त्या वर्षीची सगळी पिढी गेली. क्रौंच पक्षी ब्रांडेनबुर्गच्या ओल्या रानात, गुडघाभर पाण्यात घरटे बांधतो. ते पाणी म्हणजे त्याच्या गडाचा खंदक. खंदक आटला की रानडुक्कर आणि कोल्हा चालत घरट्यापर्यंत पोचतात. बेडूक किंवा क्रौंच यांना मारायला कोणी शिकारी आलेला नाही. नुसती पाण्याची पातळी वीतभर खाली गेली, आणि तेवढे पुरले.

ग्रुनेवाल्डची ओली रहस्ये

रविवारी ग्रुनेवाल्डमध्ये फिरायला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, की त्या झाडीत छोट्या छोट्या जिवंत दलदली दडलेल्या आहेत. बार्सझे, पेशझे, टॉयफेल्सफेन ही त्यांतली काही नावे. इथल्या साचलेल्या, आंबट, प्राणवायू नसलेल्या पाण्यात मेलेले शेवाळ पूर्ण कुजत नाही. ते थरावर थर साचत जाते. या थरांना जर्मन भाषेत टॉर्फ म्हणतात. एक मीटर थर साचायला सर्वसाधारणपणे हजार वर्षे लागतात. या जागी दवबिंदू नावाची कीटक खाणारी वनस्पती उगवते. तिचीच भावंडे आपल्या साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दिसतात. दलदलीतल्या बेडकांची एक जात अशी आहे, की तिचे नर विणीच्या काळात थोडे दिवस चक्क निळे होतात.

या दलदलींचे पहिले शत्रू हवामान नव्हे, तर आपण पाणी पिणारी माणसे. बर्लिन आपले पिण्याचे पाणी दूरच्या धरणातून आणत नाही. ते मुख्यतः शहराच्याच पोटातून, नऊ जलकेंद्रांच्या विहिरींतून उपसले जाते. त्यातले निम्म्याहून अधिक पाणी नदी-तळ्यांच्या काठच्या वाळूतून गाळून आलेले असते. शहर वाढले, उपसा वाढला, ग्रुनेवाल्डखालची पातळी घसरली आणि तळी आटू लागली. तेव्हा १९१३पासून हाफेलचे पाणी पंपाने श्लाख्टनझे तळ्यात सोडण्यास सुरुवात झाली. म्हणजे ज्या तळ्यावर आपण उन्हाळ्यात पोहायला जातो, ते शंभराहून अधिक वर्षे सलाइनवर आहे म्हणा ना! तळ्यांना निदान हे मिळाले. कित्येक दलदली तेवढ्यात सुकल्या.

सुकलेल्या दलदलीत नुसती वनस्पती आणि बेडूक जात नाहीत. हजारो वर्षे पाण्याखाली कोंडलेला कर्ब हवेत मोकळा होतो. जर्मनीतल्या दलदलींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आज कोरड्या केलेल्या आहेत, आणि देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे सात टक्के त्यांतूनच निघतात. जगाच्या जमिनीच्या जेमतेम तीन टक्के भागावर अशा दलदली आहेत, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कर्ब त्यांच्या पोटात आहे. म्हणून दलदल पुन्हा ओली करणे हे एका दगडात दोन पक्षी मारण्यासारखे आहे, फक्त इथे पक्षी मरत नाहीत, वाचतात. काम फार अवघड असते असेही नाही. जुना चर शोधायचा, त्यात लाकडाचा किंवा मातीचा बांध घालायचा आणि वाट पाहायची. आपल्याकडच्या वनराई बंधाऱ्याचाच हा भाऊ. अवघड असते ते शेजारच्या शेतकऱ्याला पटवणे, कारण बांधाचे पाणी त्याच्या शेतातही शिरते. त्याला भरपाई आणि ओल्या जमिनीत होणारे पीक दिल्याशिवाय ही योजना कागदावरच राहते.

पाइनच्या जागी ओक

बर्लिनचे जंगल टिकून आहे त्यामागे एक जुना करार आहे. शंभर वर्षांपूर्वी शहराभोवतीच्या जमिनींचे भाव चढले आणि सरकारी जंगल बंगल्यांसाठी विकले जाऊ लागले. नागरिकांनी ओरड केली. अखेर २७ मार्च १९१५ रोजी, पहिले महायुद्ध चालू असताना, बर्लिन आणि आसपासच्या नगरांच्या संघाने प्रशियाकडून सुमारे दहा हजार हेक्टर जंगल पाच कोटी सुवर्ण मार्कांना विकत घेतले. हे जंगल पुन्हा विकायचे नाही आणि त्यावर बांधायचे नाही, ही त्यातली अट. ‘कायम जंगलाचा करार’ म्हणून तो ओळखला जातो. आज बर्लिनचा पाचव्या हिश्श्याच्या जवळपास भाग जंगलाखाली आहे, तो या दूरदृष्टीमुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरपणासाठी आणि इतर गरजांसाठी पुष्कळ झाडे तुटली. मग भराभर वाढणारे पाइन लावले गेले. वाळूत ते बरे येतात, पण पाण्याच्या हिशेबात महाग पडतात. पाइन बारमाही हिरवा. हिवाळ्यातला पाऊस त्याच्या सुयांवर अडकतो आणि तिथूनच उडून जातो. ओक आणि बीच यांची पाने हिवाळ्यात गळतात, त्यामुळे पाणी थेट जमिनीवर पडते आणि मुरते. पाइनच्या रानापेक्षा पानझडीच्या रानाखाली भूजल अधिक भरते, आणि आगही तितकी सहज पसरत नाही. बर्लिनच्या वनखात्याने २०१२पासून पाइनच्या सावलीत पानझडी रोपे लावण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आहे. म्हणजे झाड लावणे हेसुद्धा ‘पाणी जिरवा’च.

जंगलात पडलेले ओंडके तसेच का ठेवतात, असे आपले पाहुणे विचारतात. त्यांना इथे साफसफाईची हयगय दिसते. ओंडका स्पंजासारखी ओल धरतो. भुंगे, बुरशी, सुतारपक्षी यांचा संसार त्यावर चालतो. असे असूनही गेल्या काही वर्षांच्या पाहणीत दहांपैकी नऊहून अधिक झाडांवर इजेच्या खुणा आढळल्या आहेत. रोपांना मोठे व्हायला पन्नास वर्षे लागतील, आणि दुष्काळ तेवढे थांबायला तयार नाहीत.

चार पायांचा अभियंता

या कामात माणसाला एक मदतनीस मिळाला आहे. बीव्हर हा पाण्यात राहणारा, कुत्र्याएवढा, चपट्या शेपटीचा प्राणी. तो दातांनी झाडे पाडतो आणि ओढ्यावर काटक्या-चिखलाचा बांध घालतो. कातडे आणि मांस यांसाठी त्याची इतकी शिकार झाली, की एल्ब नदीच्या मधल्या भागात जेमतेम दोनशेच्या आसपास बीव्हर उरले होते. संरक्षण मिळाल्यावर ते पसरत गेले आणि १९९०च्या दशकात बर्लिनच्या पाण्यात परतले. आता हाफेल आणि श्प्रेच्या काठी त्यांनी कुरतडलेली झाडे सहज दिसतात.

बीव्हरने अडवलेल्या पाण्यात बेडूक येतात, त्यांच्यामागे करकोचे येतात, आसपासची ओल वाढते. ना ठेकेदार, ना निविदा! पण तो शेतकऱ्याचे शेत बुडवतो, बांध पोखरतो आणि कुणाच्या बागेतले सफरचंदाचे झाड आडवे करतो. झाडांच्या बुंध्यांना जाळी बांधणे, बांधातून नळी घालून पातळी राखणे, नुकसानीची भरपाई देणे असे तोडगे काढावे लागतात. बिबट्याशेजारी राहणाऱ्या जुन्नरच्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. प्राणी परत आणणे हा संरक्षणाचा अर्धा भाग, त्याच्या शेजाराची किंमत सगळ्यांनी मिळून भरणे हा उरलेला अर्धा.

श्प्रे नदीचे उसने पाणी

आता सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न. श्प्रे नदी बर्लिनला येते ती लाउझित्स या कोळशाच्या प्रदेशातून. तिथे तपकिरी कोळसा उघड्या खाणींतून काढतात. खाण कोरडी ठेवण्यासाठी भूजल उपसावे लागते आणि ते श्प्रेमध्ये सोडले जाते. शंभराहून अधिक वर्षे हे चालले आहे, इतके की नदीला ती आपली नैसर्गिक मिळकतच वाटू लागली. खरे म्हणजे ते जमिनीच्या पोटातून काढलेले उसने पाणी आहे.

२०२०च्या कायद्यानुसार जर्मनीने उशिरात उशिरा २०३८पर्यंत कोळशाची वीज थांबवायची आहे. हवामानासाठी हे हवेच. पण खाणी थांबल्या की उपसा थांबेल, आणि वर रिकामे खड्डे भरायलाही पाणी लागेल. कॉटबुसजवळच्या एका जुन्या खाणीचे एकोणीसशे हेक्टरांचे तळे करण्यासाठी २०१९मध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली, तीही श्प्रेच्याच पाण्याने. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण खात्याच्या २०२३च्या अभ्यासात असे निघाले, की कोरड्या उन्हाळी महिन्यांत श्प्रेचे पाणी काही ठिकाणी पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत घटू शकते.

याचा अर्थ आपल्या ओळखीच्या जागांवर लावून पाहा. पाहुण्यांना होडीतून फिरवायला आपण ज्या श्प्रेवाल्डमध्ये नेतो, तो १९९१पासून युनेस्कोचे राखीव जीवक्षेत्र आहे. तिथले शेकडो पाण्याचे फाटे, त्यांतली पाणमांजरे आणि काठचे करकोचे या नदीवर जगतात. पुढे हेच पाणी म्युगेलझे तळ्यात येते. त्याच्या काठी बर्लिनच्या मोठ्या जलकेंद्रांपैकी एक आहे. शिवाय खाणींच्या मातीतून येणारे सल्फेट नदीत मिसळते. पाणी कमी झाले की त्याचे प्रमाण वाढते. बेडूक आणि माणूस एकाच नळावर उभे आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. एल्ब नदीचे पाणी बोगद्याने श्प्रेमध्ये आणावे, अशी एक योजना मांडली जाते. पण उन्हाळ्यात एल्बही आटते. उसने फेडायला पुन्हा उसनेच काढायचे, असा हा व्यवहार होईल. ब्रांडेनबुर्गमध्ये हिवाळ्यातले पाणी दलदलीत, तळ्यात, जंगलाखाली जितके अडवून ठेवता येईल तितके ठेवणे, हा त्याला स्वस्त आणि टिकाऊ जोड आहे.

घरे आणि चंडोल

शहरात हा झगडा अधिक टोकदार होतो. टेम्पलहोफ विमानतळ ऑक्टोबर २००८मध्ये बंद झाला आणि २०१०मध्ये लोकांसाठी खुला झाला. तीनशेहून अधिक हेक्टरांच्या या मोकळ्या मैदानात चंडोल पक्षी जमिनीवर घरटी करतात. शेतांतून हटत चाललेल्या या पक्ष्याला राजधानीच्या मध्यावर आसरा मिळाला. विणीच्या दिवसांत गवताचा काही भाग दोरी लावून बंद ठेवतात. तेच गवत पाऊस शोषते आणि उन्हाळ्याच्या रात्री आसपासच्या वस्त्यांना गार हवा पुरवते. २५ मे २०१४च्या सार्वमतात बर्लिनकरांनी मैदानावर बांधकाम करू नये असा कौल दिला. तरीही निदान काठावर घरे बांधावीत का, हा वाद थांबलेला नाही.

घर शोधताना ज्यांची दमछाक झाली आहे अशा आपल्या कुटुंबांना ‘पक्ष्यांपेक्षा माणसे महत्त्वाची’ हे म्हणणे पटण्याजोगे वाटते, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. माझे मत इतकेच, की आधीच डांबर-काँक्रीट झालेल्या जागा, बैठी दुकाने आणि वाहनतळांवर घरे चढवण्याचे मार्ग संपल्याशिवाय जिवंत माती झाकू नये. घर नंतर दुसरीकडे बांधता येते. पाणी शोषणारी, चंडोल वाढवणारी माती एकदा झाकली की ती परत मिळायला आयुष्य जाते. बांधकामातही सुधारणा होत आहे. २०१८पासून नव्या इमारतींना पावसाचे पाणी शक्यतो आपल्याच आवारात जिरवावे लागते. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये शहराने झाडांविषयी नवा कायदाही केला. २०४०पर्यंत रस्त्याकडेच्या झाडांची संख्या दहा लाखांवर नेण्याचे त्यात ठरले आहे.

आपल्या हातात काय आहे

हिवरे बाजारचे उदाहरण आपल्याला माहीत आहे. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने नुसते बंधारे घातले नाहीत, तर पावसाळा संपला की गावात पाण्याचा जमाखर्च मांडून त्यावरून पिके ठरवली. पाणी अडवण्यापेक्षा हे अवघड. बर्लिन-ब्रांडेनबुर्गला अजून तसा एकत्रित, सर्वांनी मानलेला जमाखर्च साधायचा आहे. शेती, कारखाने, नळ आणि रान यांत रानाचा हिस्सा आधी बाजूला काढला, तरच ते उरेल. आपल्या पूर्वजांनी हेच देवराया राखून केले होते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला. कितीतरी देवराया झऱ्यांच्या उगमाशी आहेत.

आता साध्या गोष्टी. गॅलरीत तुळस आणि कढीपत्ता लावण्यासाठी आपण मातीची पिशवी आणतो. तिच्यावर ‘टॉर्फफ्राय’ लिहिलेले नसेल, तर त्यात बहुधा कुठल्यातरी दलदलीतून खणून काढलेला टॉर्फ असतो. ‘टॉर्फ कमी केलेली’ असे लिहिलेली माती वेगळी, तिला भुलू नये. तुळशीसाठी दलदल खणायला नको.

रस्त्यांवर हिरवे लोखंडी हातपंप दिसतात. आपल्या भाषेत हापसेच. शहरभर असे सुमारे दोन हजार आहेत. त्यांचे पाणी पिण्याचे नाही, पण रस्त्यावरच्या झाडांना चालते. २०२०पासून ‘गीस डेन कीत्स’ नावाचा एक नकाशा इंटरनेटवर आहे. दारासमोरच्या झाडाला अलीकडे कोणी पाणी घातले का, ते त्यावर कळते. आठवड्यातून एकदा सातआठ बादल्या ओतल्या तर कोवळे झाड उन्हाळा काढते. मुलांना हापसा मारण्याची मजा, हा वरचा नफा.

मार्चमध्ये बेडकांच्या विणीच्या वाटेवर रस्त्याकडेला कुंपणे लावतात आणि स्वयंसेवक बादल्यांतून त्यांना पलीकडे नेऊन सोडतात. नाबू आणि बुंड या संस्था यासाठी माणसे शोधत असतात आणि जर्मन मोडकी असली तरी चालते. ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांनी अंगणातली फरशी थोडी उखडून माती उघडी करावी. गटाराला जोडलेल्या झाकल्या जागेचे शुल्क प्रत्येक चौरस मीटरमागे भरावे लागते, त्यामुळे पैसेही वाचतात.

शेवटची गोष्ट आवाजाची. बर्लिनच्या सार्वमतात जर्मन नागरिकांनाच मत आहे, त्यामुळे भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यांना टेम्पलहोफबाबत मत देता आले नाही. पण शहराच्या विधानसभेने एखाद्या विषयावर चर्चा करावी असा लोकांचा अर्ज इथे असतो, त्याला ‘फोल्क्सइनिशिआटिव्ह’ म्हणतात. त्यावर सोळा वर्षांवरील कोणत्याही रहिवाशाला सही करता येते, पारपत्र कोणतेही असो. वीस हजार सह्या जमल्या की सभागृहाला विषय घ्यावाच लागतो. श्प्रेच्या पाण्याची वाटणी येत्या दहाबारा वर्षांत ठरणार आहे. तेव्हा आपली मुले इथेच शिकत किंवा नोकरी करीत असतील. दुष्काळ म्हणजे काय, पाण्यासाठी गाव एकत्र कसे येते आणि कसे फुटते, हे आपल्या घरांत ऐकूनपाहून ठाऊक आहे. हा अनुभव या शहरातल्या फार थोड्यांकडे आहे. तो गप्प ठेवण्यासारखा नाही.